लिफ्टमधले तीन हंस

…आणि नणंदेनं तिथल्या तिथं भिंतीत खिळा ठोकला, इथपर्यंत काल आलो होतो. ज्यांचा डोळा त्याच्या आधीच लागला, त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो. कारण खिळा समजला नाही, तर पुढचं काहीच समजायचं नाही.

लिफ्टमावशी म्हणजे सात मजली सरकारी कचेरीतली लिफ्ट चालवणारी बाई. तिचं खरं नाव पगारपत्रकात असेल, पण तोंडात कुणाच्याच नव्हतं. शिपाई मावशी म्हणायचा, साहेब मावशी म्हणायचा, आणि एकदा साहेबाचे म्हातारे वडील कचेरी बघायला आले, तेही काठी सावरत म्हणाले, "मावशी, जरा सांभाळून न्या हं."

तर ह्या मावशीच्या नणंदेनं नवं घर घेतलं. सगळी नातेवाईक मंडळी बघायला जमली. कुणी कपबशा आणल्या, कुणी भिंतीवरचं घड्याळ. मावशी गेली ती हात हलवत. खरं म्हणजे ती विसरली होती. पण नणंद एकदा तिच्या तोंडाकडे आणि दोनदा तिच्या हातांकडे बघायला लागली, तशी मावशी बोलून गेली, "वन्सं, बाजारातलं काय कुणीही आणेल. तुमच्या ह्या मोठ्या भिंतीला मी माझ्या हातानं भरलेलं चित्र देणार."

सगळे वा वा म्हणाले. नणंद म्हणाली नाही. ही बाई म्हणजे डोळा कसा, तर गल्लीतला शिंपी ती लांबून येताना दिसली की चष्मा काढून खिशात टाकायचा. म्हणजे मला दिसत नाही, उद्या या, असं म्हणायला मोकळा. ती म्हणाली, "द्या की. पण वहिनी, आधीच सांगून ठेवते, एक फुली जरी इकडची तिकडं दिसली, तरी मी लावायची नाही हं. नंतर राग नको." एवढं बोलून ती स्टुलावर चढली, हातोडी मागितली, आणि ठक ठक करून बरोब्बर भिंतीच्या मध्यावर खिळा ठोकला. काल आलो होतो ते इथपर्यंत.

आता फुलीच्या भरतकामात अवघड असं काही नसतं. मॅटीचं कापड घ्यायचं. त्याला जाळीसारखी घरं असतात. एक तिरपा टाका असा, दुसरा त्याच्यावरून तसा. झाली एक फुली. कशी भरायची हे लहान मुलीलाही एका दुपारी शिकवता येतं. अवघड असतं ते मोजणं. नक्षीच्या कागदावर बारा घरं असतील, तर कापडावर बाराच भरायची. तेरावी भरली की बदकाचा उंट व्हायला वेळ लागत नाही.

मावशीनं पहिलंच चित्र निवडलं ते दुकानातलं सगळ्यात मोठं. तळं, तळ्यावर दगडी पूल, पलीकडं कौलारू घर, आणि पाण्यात तीन पांढरे हंस. दुकानदारानं तिला दोनदा विचारलं.

"हे बायका सुरू करतात आणि त्यांच्या सुना पुरं करतात, ताई."

"मला सून नाही."

"मग हे छोटं घ्या. दोन सफरचंदं आहेत."

सफरचंदांसाठी एवढा मोठा खिळा? मावशीनं मोठंच घेतलं, आणि लडी, सुया, अंगुस्तान घेऊन दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये जाऊन बसली.

ती लिफ्ट जुनी. जाळीचं सरकतं दार, आत एक स्टूल, डोक्यावर एक पिवळा दिवा, आणि पितळेची गोल बटणं. आत शिरणाऱ्यानं मजला सांगायचा, मावशीनं पायानं दार ओढायचं, अंगुस्तान घातलेल्या बोटानं बटण दाबायचं आणि परत सुई धरायची. पुढंपुढं त्या बटणांवर अंगुस्तानाच्या टोकाचे खड्डे पडले. तिसऱ्या मजल्याच्या बटणावर सगळ्यात जास्त, कारण तिथं जन्म-मृत्यूची नोंद व्हायची आणि ते काही कुणाला चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, घरी बसून भरायचं, लिफ्टमध्ये कशाला? तर घरी तिचा हातच चालायचा नाही. खुर्ची हलत नाही, दिवा लुकलुकत नाही, वर-खाली होत नाही. अशा ठिकाणी सुई धरली की दोऱ्याला गाठ पडायची. मावशीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बिचारा एका रविवारी तिच्या खुर्चीमागं उभा राहिला आणि खुर्ची खालीवर हलवून बघितली. मावशीनं स्वतःच्या अंगठ्यात सुई टोचून घेतली आणि म्हणाली, "जाऊ दे. तुम्हाला मजल्यावर थांबता येत नाही."

तेव्हा जे काही व्हायचं ते लिफ्टमध्येच. आणि झालंही. वर्षं गेली, पण झालं. कचेरीतली माणसं हवापाण्याऐवजी चित्राची चौकशी करायला लागली. "मावशी, आज कुठवर?" "घराचं धुराडं झालं." "धूर कधी?" "करड्या लडी आल्या की." मग तो माणूस आपल्या टेबलाशी जाऊन सांगायचा, धूर अडकलाय.

अडचणी काय कमी आल्या! तळं अर्धं भरून झालं आणि तो निळा रंग दुकानातून नाहीसा झाला. दुसरा निळा आणला तो जरा गडद. मावशीनं ठरवलं, उजवीकडं पाणी खोल आहे. मग लिफ्ट मधेच अडकली, टंकलेखक बाईच्या हातातला चहा हिंदकळला आणि तळ्याच्या मधोमध तपकिरी डाग पडला. धुऊन जाईना. त्यावर हिरव्या फुल्या भरल्या, झालं बेट. पुढं मिस्त्रीनं वंगणाचा हात आभाळाला लावला; त्याला पंख काढले आणि कावळा केला. नक्षीच्या कागदावर बेट नव्हतं आणि कावळाही नव्हता, पण तो कागद काही नणंदेनं बघितलेला नव्हता.

नणंदेचा फोन मात्र यायचा. आधी सगळ्यांची खुशाली, आणि मग, "वहिनी, खिळ्याला काय सांगू?"

"सांगा, पुलाचं काम चालू आहे."

"पाहुणे विचारतात, हा खिळा कशाला. मी म्हणते, आमच्या वहिनीनं दिलाय."

मावशी फोन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सुई जरा जोरात चालायची.

पण खरा घात झाला तो पुलाचा. मावशीनं पूल दोन्ही काठांनी सुरू केला होता. डावीकडून मध्यापर्यंत, उजवीकडून मध्यापर्यंत, म्हणजे कंटाळा येत नाही. दोन्ही टोकं जवळ आली, आणि बघते तर डावा पूल वर, उजवा पूल खाली! मधे पायरी! त्या पुलावरून कुणी घोडागाडी नेली असती, तर घोडा तळ्यात.

घरी येऊन तिनं कापड टेबलावर पसरलं. नवऱ्यानं डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं, वाकला आणि लगेच म्हणाला, "डाव्या खांबाला तीन घरं जास्त आहेत."

"एवढ्यात मोजलीत?"

"छे. मला गेल्या उन्हाळ्यातच दिसली होती."

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कधी?" तो भिंग न काढता म्हणाला. त्या भिंगातून बायकोचा चेहरा केवढा मोठा दिसला असेल, ते त्याचं त्याला माहीत. त्या आठवड्यात त्यानं चहा स्वतःच केला.

पूल उसवायला घेतला. उसवणं हे भरण्यापेक्षा वाईट. भरताना माणूस पुढं जातो, उसवताना आपल्याच हातानं आपला वेळ परत ओढून काढतो, आणि वर कापडाला भोकं पडू नयेत म्हणून त्याला गोंजारायचं. लिफ्टमध्ये शिरणाऱ्यांना धक्काच बसला.

"मावशी, पूल पाडला?"

"पाडला."

"नवा मंजूर झाला का?"

"झाला. काम निकृष्ट होतं."

"ठेकेदार कोण होता?"

"मीच!" मावशी म्हणाली, आणि सगळी लिफ्ट हसली, तीही हसली, पण नाक ओढत.

मग तिनं खांब नव्यानं भरायला घेतला. आता डोळ्यांत तेल घालून, ओठांवर आकडे मोजत. एक, दोन, तीन, चार… तेवढ्यात आत शिरला पाणीपट्टीचा कारकून. पाणीपट्टी पहिल्या मजल्यावर. एक मजला चढायला लिफ्ट लागणारा सगळ्या कचेरीत हा एकच माणूस, आणि त्याचं पोट बघितलं की कुणी कारणही विचारत नसे. तो म्हणाला, "एक."

मावशीनं बटण दाबलं, सुई धरली, आणि तिचे ओठ म्हणाले, "दोन. तीन. चार."

सुई हवेतच थांबली. मावशीनं कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"तुम्ही!" मावशी म्हणाली.

"मी काय केलं?"

"तुम्ही माझा पूल पाडला!"

मग सगळाच उलगडा झाला. ती मोजत असायची आणि लोक आत शिरून मजला सांगायचे. जो आकडा कानावर पडला, त्याच्या पुढं हिचं मोजणं सुरू. खालच्या मजल्याची माणसं आली की वस्तू लांबायची, वरच्या मजल्याची आली की आखूड व्हायची. एवढी वर्षं ती चित्र भरत नव्हती, येणाजाणाऱ्यांची हजेरी भरत होती! घराची एक खिडकी अरुंद का, झाड एका बाजूला का झुकलं, सगळ्याचा पत्ता लागला. कारकून तर मान खाली घालून उभा. मोजण्याच्या नादात बटण भलतंच दाबलं गेलं होतं आणि पहिला मजला कधीच निघून गेला होता. दोघंही सातव्यावर पोचली होती.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुठ्ठ्याची पाटी लागली: आत आकडा बोलू नये. कचेरीचं नाव सांगावं.

लोक शहाणे. दोन दिवसांत सवय झाली. कुणी म्हणे "पाणी", कुणी "नकाशे", कुणी "वसुली". तिसऱ्या मजल्याचे कुणी "जन्म" म्हणत, कुणी "मृत्यू", आणि मावशी दोघांनाही एकाच ठिकाणी उतरवायची. एक म्हातारबुवा आत आले आणि पाटी वाचून खणखणीत आवाजात म्हणाले, "मृत्यू!" बाजूचा माणूस दचकून बाहेरच पडला. म्हातारबुवा मावशीला म्हणाले, "माझा नव्हे हो. व्याह्यांचा."

पूल जुळला. खिडकी सरळ झाली. झाड उभं राहिलं. दोन हंस पोहायला लागले. आता एक हंस राहिला, आणि मावशीला वाटलं, झालं आपलं.

तेवढ्यात सातव्या मजल्यावर नवे मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हे, पण जन्मात कधी कुणासाठी शब्द बदललेला नाही. पहिल्या दिवशी आत शिरले, पाटी वाचली आणि म्हणाले, "सात."

नकाशांची भेंडोळी काखेत घेतलेला शिपाई कुजबुजला, "साहेब, आकडा नाही बोलायचा. 'मोठे साहेब' म्हणायचं."

"मी स्वतःच मोठा साहेब आहे. मी 'मोठे साहेब' कसं म्हणू? सात!"

तेव्हापासून साहेब लांबून दिसले की मावशी सुई कापडात खोचून ठेवायची आणि ते उतरेपर्यंत हात लावायची नाही. तेही निभलं असतं. पण साहेबांनी महिनाभरात जुनी लिफ्ट मोडीत काढून नवी, आपोआप चालणारी बसवायचा हुकूम काढला. मावशीला तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसवणार होते. पगार तोच, खुर्ची नवी, डोक्यावर पंखा. कुणी दुसरी असती तर पेढे वाटले असते. मावशीनं नाही वाटले. खिडकी वर जात नाही, खाली येत नाही. तिथं तिचा हात चालायचा नाही, हंस पुरा व्हायचा नाही, आणि खिळा? तो तिथंच राहील, आणि नणंद येणाऱ्याजाणाऱ्याला आयुष्यभर सांगेल, आमच्या वहिनीनं दिलाय.

शेवटच्या दिवशी सकाळी हंसाचं अंग झालं होतं. मान आणि डोकं बाकी. संध्याकाळी मिस्त्री येऊन तारा तोडणार. आणि नेमकं त्या दिवशी कचेरीत कामासाठी आलेलं चिटपाखरू नाही. लिफ्ट तळमजल्यावर ठप्प उभी. रिकामी लिफ्ट फिरवायला मनाई, म्हणून लिफ्ट हलेना, आणि लिफ्ट हलेना म्हणून हात हलेना.

पाणीपट्टीच्या कारकुनानं हे बघितलं. पुलाची बोच त्याच्या मनात होतीच. तो आत शिरला आणि म्हणाला, "पाणी." वर पोचल्यावर उतरलाच नाही. म्हणाला, "आता खाली."

"खाली कशाला?"

"पाणी खालीच जातं, मावशी. चला."

मग नकाशेवाला शिपाई आला, टंकलेखक बाई आली, जन्मवाले आले, मृत्यूवाले आले. वर जायचे, खाली यायचे, परत वर. कुणी बोलेना, कुणी खोकेना. टंकलेखक बाईनं चहाचा पेला बाहेरच ठेवला. मावशीची सुई अशी चालली की बघत राहावं. मान बारा घरांची. सहा झाली, सात झाली, आठ झाली.

इकडं सातव्या मजल्यावर साहेब घंटी वाजवून वाजवून थकले. शिपाई नाही, कारकून नाही, टंकलेखक बाई नाही. जिन्यानं एकेक मजला बघत खाली उतरले. सगळीकडं रिकाम्या खुर्च्या. तळमजल्यावर आले तो लिफ्ट उघडली, आणि आत त्यांचं सगळं खातं दाटीवाटीनं उभं! साहेब खवळले. आत घुसले आणि सवयीनं गरजले, "सात!"

मावशी तेव्हा अकराव्या घरावर होती. एकच फुली उरली होती. तिनं मान वर न करता अंगुस्तानानं बटण दाबलं, आणि तिचे ओठ हलले, "आठ. नऊ. दहा. अकरा. बारा."

सगळ्यांनी बघितलं. कारकुनाचं तोंड उघडलं, पण शिपायानं त्याच्या पायावर पाय दिला. उसवायला वेळ कुठं होता? मावशीनं त्याच वेगानं डोकं भरलं, नारिंगी चोच भरली, डोळ्याची काळी फुली घातली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "झालं!" लिफ्टमध्ये टाळ्या पडल्या. साहेबांनाही का कोण जाणे, दोन वाजवाव्या लागल्या.

मग तिनं कापड हातभर लांब धरून बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

दोन हंस हंसासारखे होते. तिसरा मात्र मान उंचावून शेजारच्याच्या खिडकीत डोकावणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

घरी नवऱ्यानं भिंग लावलं. ह्या वेळी विचारायची वाट बघितली नाही. "चार घरं जास्त."

"उसवू?"

"उसव."

मावशीनं सुई घेतली. खुर्ची हलेना, हात चालेना. पहिल्याच टाक्याला गाठ पडली. नवरा न सांगता उठला, खुर्चीमागं आला आणि हलवायला लागला. थोड्या वेळानं दोघंही थांबली. मावशी म्हणाली, "चौकट कुणाकडं करायची?"

"असंच देणार?"

"दुसरा मार्ग सांगा. नाही दिलं तरी ऐकायचंच आहे, आणि दिलं तरी ऐकायचंच आहे. निदान खिळा तरी झाकेल."

नणंदेकडं गेली तेव्हा खिळा पुसून लखलखीत केलेला होता. नणंदेनं चष्मा लावला, चित्र खिडकीपाशी नेलं आणि उजेडात तिरपं धरलं. मावशीचा नवरा स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बसला, जसं काही ते बंदच पडलंय.

"पाणी दोन रंगांचं?"

"उजवीकडं खोल आहे, वन्सं."

"हे बेट?"

"असतं तळ्यात."

"कावळा?"

"तो आपला आपण आला."

नणंदेचं बोट हंसांपाशी आलं. पहिल्यावर थांबलं, दुसऱ्यावर थांबलं, तिसऱ्याच्या अंगापासून वर वर चढत गेलं आणि चोचीशी पोचेपर्यंत तिच्या ओठांवर आकडे हलत होते. मावशीला वाटलं, आता हे चित्र काखेत मारून आल्या पावली परत जायचं.

नणंदेनंच चित्र काखेत मारलं. स्टूल ओढलं, वर चढली, चौकट खिळ्याला अडकवली, एक कोपरा जरा खाली केला, परत जरा वर केला. खाली उतरली, चार पावलं मागं सरली आणि पाठमोरीच म्हणाली, "तो रिकामा खिळा बघून बघून माझे डोळे थकले, म्हणून लावलंय. मला दिसलं नाही असं समजू नका, वहिनी. खरं खरं सांगा, ह्या एकट्याचीच मान एवढी लांब का?"

मावशी म्हणाली, "काय करणार वन्सं, त्याला सातव्या मजल्यावर जायचं होतं, आणि आमची लिफ्ट बंद."